विजू चालली

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर माझा एक फोटो आहे. डोक्यावर पिवळी टोपी, गळ्यात झेंडूची माळ, पायांत धुळीने भरलेले बूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याला वाटावं, किती भली बाई आहे ही. घरी कोणी आलं की माझी बहीण सुनंदा त्याला हातातला कप खाली ठेवायला लावते आणि फोटोची गोष्ट सांगते. साठी उलटल्यावर ताई नाशिक रोडपासून पेठच्या पुढच्या पाड्यापर्यंत पायी गेली, गरीब मुलींच्या वसतिगृहासाठी. ती सांगत असते आणि मी मान खाली घालून बसते. लोकांना वाटतं, मी लाजते. सुनंदाला त्या गोष्टीतलं जे ठाऊक नाही ते मी आजवर कोणापुढेही उच्चारलेलं नाही. मुलाला नाही, देवाला नाही. तुमच्यापुढे पहिल्यांदाच बोलते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

एक मात्र आधीच सांगते. मी रडायला बसलेली नाही. माझ्या स्वभावात डूख आहे. लहानपणी आई म्हणायची, विजीला काही लागलं की ती ते विसरत नाही, लोणच्यासारखं मुरत घालते. आईने ते हसत म्हटलेलं असायचं. मी हसत नसे.

हे लोणचं कमलचं. कमल आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये एका भिंतीला भिंत लागून वाढलो. एकाच नळावर पाणी भरलं, एकाच बसने कॉलेजला गेलो, एकमेकींच्या साड्या नेसलो. मैत्रीण म्हणतात ती हीच. आणि हिनेच माझ्या बहिणीचं लग्न मोडलं.

सुनंदा माझ्याहून लहान. सिन्नरचं स्थळ होतं, मुलगा शिक्षक, माणसं बरी. सुपारी फुटली, पत्रिका छापून आल्या. सुनंदा दिवसातून दहादा त्या गठ्ठ्यातली एक काढायची, आपलं छापलेलं नाव वाचायची आणि परत ठेवायची. मग एके दुपारी मुलाची मावशी क्वार्टरमध्ये आली. आमच्याकडे नाही — शेजारी. आपल्याकडे चौकशी अशीच करतात ना? मुलीच्या घरी जाऊन काय कळणार, शेजारणीला विचारायचं. त्या बाईने कमलला विचारलं, मुलगी कशी आहे हो? आणि कमल म्हणाली, ‘मी खोटं कशाला बोलू? तिला फिट येतात.’

हे शब्द मला पाठ आहेत, कारण त्या मावशीनेच नंतर ते माझ्या आईला ऐकवले. अगदी तसेच. ‘मी खोटं कशाला बोलू?’ — काय साळसूद वाक्य आहे! ज्याला दुसऱ्याचा गळा कापायचा असतो त्याच्या हातात किती स्वच्छ सुरी देतं ते.

पत्रिकांचा गठ्ठा बाबांनी बंबात घातला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्या पाण्याने अंघोळी केल्या, सुनंदानेही. नंतर स्थळं आली, पण प्रत्येक स्थळाच्या आधी ते वाक्य पोचलेलं असायचं. ती शिवणकाम शिकली, आई-बाबांची दुखणी काढली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. माझा नवरा भला होता, त्याने कधी कुरकुर केली नाही. पण त्या गठ्ठ्यानंतर सुनंदाचं नाव पुन्हा कुठेही छापून आलं नाही. लग्न नाही, नोकरी नाही, मूल नाही — नाव छापणार तरी कशावर?

तुम्ही म्हणाल, मी कमलशी भांडले असेन. नाही. भांडले असते तर मोकळी झाले असते. मी तिच्याशी पूर्वीसारखीच हसत राहिले. तिला नाशिक रोडचाच नवरा मिळाला, दोन गल्ल्या सोडून घर. तिच्या हळदी-कुंकवाला गेले. तिच्या डोहाळजेवणात गाणी म्हटली. आणि वाट पाहिली. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. तुम्ही कोणाची अशी वाट पाहिली आहे? चांगलं व्हावं म्हणून नव्हे — वाईट करायची संधी मिळावी म्हणून?

कमलला एकच मुलगी होती, रोहिणी. आठवीत असताना कावीळ झाली आणि गेली. मी सगळ्यांच्या आधी पोचले. कमलला छातीशी धरून बसले, डबा नेला, तिच्या केसांना तेल लावून वेणी घातली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मैत्रीण असावी तर अशी. आणि तिची वेणी घालताना माझ्या मनात काय चाललं होतं? ‘आता कळलं का, घरातल्या मुलीचं वाटोळं म्हणजे काय असतं ते?’ हे होतं. शब्दन् शब्द. ती हुंदके देत होती आणि मी वेणीला रिबीन बांधत हे म्हणत होते.

हेही मी कधी सांगितलं नव्हतं. पण आज जे सांगायचं आहे ते हे नाही.

आता चालण्याकडे येते. आमच्या कॉलनीत सकाळी फिरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यातले अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची एक विद्यार्थिनी पेठच्या पलीकडे एका पाड्यावर मुलींचं वसतिगृह चालवते. मुली जमिनीवर पोती अंथरून झोपायच्या. पावसाळ्यात खालून ओल, आणि विंचूकाट्याची भीती वेगळीच. अण्णांनी ओळखीच्या एका कारखानदाराला गाठलं. तो म्हणाला, पलंग देतो, पण फुकट नाही. तुमच्या लोकांनी पायी तिथवर जावं. जेवढी माणसं पूर्ण चालतील तेवढे लोखंडी पलंग, गादीसकट. आणि प्रत्येक पलंगाला एक पितळी पाटी — चालणारा सांगेल त्या नावाची.

नावाची पाटी! अण्णा हे बोलले आणि माझ्या डोळ्यांपुढे तो बंब आला.

थकलेल्यांसाठी मागून एक जीप येणार होती. जीपमध्ये बसण्यात कमीपणा नव्हता, फक्त त्या माणसाचा पलंग आणि पाटी गेली, एवढंच. आता कोण चाललं आणि कोण बसलं हे ठरवायचं कसं? अण्णांनी शाळेतली पद्धत लावली — जोड्या. प्रत्येकाचा एक जोडीदार. संध्याकाळी मुक्कामाला सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि जोडीदाराबद्दल एकच शब्द बोलायचा, चालला किंवा चालली. स्वतःबद्दल बोलायचं नाही. तुमचं चालणं दुसऱ्याच्या तोंडात. अण्णा म्हणाले, यात विश्वास आहे. अण्णा भाबडे आहेत.

कमलने माझा हात धरून सांगितलं, ‘विजू माझी जोडीदार.’ ती रोहिणीच्या नावाने चालणार होती. वसतिगृहातल्या मुली रोहिणीच्याच वयाच्या, म्हणाली, आपल्या पोरीचं नाव रोज कोणीतरी झोपताना वाचेल. मी सुनंदाच्या नावाने. सुनंदाने मला पाठीवर घ्यायला कापडी पिशवी शिवून दिली आणि गल्लीभर सांगत सुटली की पितळेवर माझं नाव कोरणार आहेत, पुसलं जाणार नाही असं.

जानेवारीत निघालो. पहाटे थंडी, दुपारी ऊन. द्वारका, पंचवटी, पेठ नाका मागे पडला तोवर हसणं-खिदळणं चालू होतं. मग रस्ता, द्राक्षाच्या बागा, पुन्हा रस्ता. मी मोठा मूर्खपणा केला होता. मुलाने पुण्याहून पाठवलेले नवे कोरे बूट घालून निघाले होते. अण्णांनी बजावलं होतं की जुने बूट घाला, पण फोटोत चांगले दिसावेत ना! पहिल्या मुक्कामालाच टाचेला फोड. दुसऱ्या दिवशी तो फुटला. कमल आपले जुने कॅनव्हासचे बूट घालून, दुखरे गुडघे सांभाळत, सावकाश येत होती. दुसऱ्या मुक्कामाला तिने शाळेच्या स्वयंपाकिणीकडून गरम पाणी मागून आणलं, त्यात मीठ घातलं आणि माझे पाय त्यात ठेवून स्वतः पुसले. मी म्हटलं, ‘राहू दे गं.’ ती म्हणाली, ‘गप बस. उद्या घाट आहे.’

मला तिचा स्पर्श नको होता. आणि पाय तर काढून घेववत नव्हते.

तिसऱ्या दिवशी करंजाळी सोडलं आणि पुढे तो घाट. गाडीने जाणाऱ्याला घाट कळत नाही. पायी जाणाऱ्याला एकेक वळण वेगळं कळतं. खालून मान वर केली की वरची वळणं दिसतात, आणि वाटतं, तिथवर जायचं? कमलचे गुडघे चढावर बोलू लागले. मी तिच्यासाठी थांबायला हवं होतं, जोडी होती आमची. पण माझी टाच पेटली होती, डोकंही पेटलं होतं. म्हटलं, ‘तू ये मागून.’ बाकीची मंडळी बरीच पुढे गेली होती. कमल दोन वळणं मागे पडली आणि मी रस्त्यावर एकटी राहिले.

मागून जीप आली. चालवणारा सुरगाण्याकडचा, त्या दिवसापुरता बोलावलेला, आमच्यातल्या कोणाला ओळखत नव्हता. माझ्याजवळ थांबला. ‘बसा ना बाई, लय चढ हाय. मागच्या आजी नाय म्हनल्या.’

मागच्या आजी म्हणजे कमल. तिने नाही म्हटलं होतं.

मी चालणाऱ्यांची ती पिवळी टोपी काढून पिशवीत टाकली, ओढणी तोंडावर घेतली आणि बसले.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. हो, मीच. घाटातली वरची वळणं मी जीपमध्ये बसून काढली. माथ्याच्या जरा अलीकडे, पुढची मंडळी दिसायच्या आत, ‘इथंच सोड बाबा’ म्हणून उतरले. जीप पुढे गेली. मी टोपी घातली आणि सागाच्या झाडाखाली बसून राहिले. बऱ्याच वेळाने कमल आली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. माझ्याशेजारी टेकली, आपली बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘फार दुखतंय का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ मग आम्ही दोघी मिळून पेठपर्यंत चालत गेलो.

इथे थांबले असते तर ती एका म्हाताऱ्या बाईची लबाडी झाली असती. हसून सोडण्यासारखी. कोण नाही करत?

पेठला शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम होता. पोचल्यावर सुनंदाला फोन लावला. पहिला प्रश्न, ‘ताई, चाललीस ना सगळं?’ मी म्हटलं, ‘हो गं.’ ती म्हणाली, शेजारच्या काकू विचारत होत्या, पाटीवर आडनावही घालतात का?

संध्याकाळी सगळे गोल करून बसले. अण्णा उभे राहिले. म्हणाले, ‘जीपवाला जाताना सांगून गेला की घाटात आपल्यातली एक बाई बसली होती. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त खरं ते व्हावं, कारण आपण शब्द दिला आहे.’ अण्णांनी जोड्या उभ्या करायला सुरुवात केली. चालला. चालली. चालला. कमल घाटात माझ्याबरोबर नव्हती. तिने तेवढं जरी सांगितलं असतं तरी सगळे माझ्याकडे वळून बघणार होते.

आमची पाळी आली. गुडघ्यावर हात रोवून कमल उठली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘विजू चालली.’

बसली. मग मी उठले.

आता मी काय करायला हवं होतं? एक शब्द. तिने माझ्यासाठी उच्चारला तोच. ‘चालली’ म्हटलं असतं की संपलं होतं. जीपमधली बाई कोण हे कोडं राहिलं असतं, अण्णा दोन दिवस चुकचुकले असते, आणि रोहिणीची पाटी लागली असती, सुनंदाचीही. माझं काहीही जाणार नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मी घाबरून केलं असं तुम्ही समजाल म्हणून. भीती तिच्या ‘विजू चालली’बरोबरच संपली होती. मी सुटले होते. पूर्ण सुटले होते.

आणि तेव्हाच मला कळलं की ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते हे. कमलचं तोंड माझ्याकडे, तिच्या लेकीचं नाव माझ्या जिभेवर, आणि माणसं उत्तराची वाट बघत बसलेली. जशी ती मावशी बसली असेल.

मी म्हणाले, ‘मी खोटं कशाला बोलू? घाटात कमल जीपमध्ये बसली.’

तेच शब्द. मुद्दाम तेच. तिला ओळखू यावेत म्हणून.

ओळखू आले. मी तिच्याकडेच बघत होते, तो क्षण मला चुकवायचा नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग मान हलवून म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. लोकांनी ते कबूल केल्यासारखं घेतलं. अण्णा हळूच म्हणाले, ‘असू द्या हो कमलताई, वयाचं आहे.’ कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला आनंद झाला. वाईट वाटलं, टोचणी लागली असं सांगितलं तर बरं दिसेल, नाही? पण नाही लागली. उन्हातून घरात आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसा गारवा छातीभर पसरला. सुनंदा, बघ, फेडलं. त्या रात्री मी गाढ झोपले, टाच दुखत असताना.

दुसऱ्या दिवशी शेवटचा टप्पा, पेठहून पाड्यापर्यंत. पाटी गेली होती, पलंग गेला होता, तरी कमल चालली. अण्णांनी जीपमध्ये बसायला सांगितलं तर म्हणाली, आता निघालेच आहे. आमच्या टीव्हीवरचा तो फोटो पाड्यावर पोचल्याचा आहे. नीट पाहिलंत तर माझ्या खांद्यामागे अर्धी पिवळी टोपी दिसते. ती तिची.

आणखी एक आहे. इतका वेळ बाजूला ठेवलं होतं.

सुनंदाला फिट येत होत्या.

कॉलेजच्या वयात दोनदा आली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थांबली, पुन्हा कधी आली नाही. घरात ठरलं होतं की हे चार भिंतींबाहेर जायचं नाही. मग कमलला कसं कळलं? मी सांगितलं. नळावर, कळशी भरताना, मैत्रीण म्हणून, घाबरलेली होते म्हणून. म्हणजे कमल खरं बोलली होती, आणि तिच्या तोंडात ते खरं मी ठेवलं होतं. तिने विचार केला नाही, तिची जीभ सैल होती, तिने गप्प बसायला हवं होतं — हे सगळं मी मान्य करते आणि आजही तिला माफ करत नाही. पण तिने खोटं रचलं नव्हतं. खोटं मी रचलं. सूड बरोबरीचा असतो म्हणतात, मग हा कुठला बरोबरीचा?

तरीही, इथवर असतं तर मी ते घेऊन जगले असते. मी चिवट आहे.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, पलंग पाड्यावर पोचले. अण्णांनी सगळ्यांना नेलं. सुनंदा नवी साडी नेसली होती, खिडकीशी बसून साऱ्या वाटेकडे बघत होती. घाट आला तशी तिने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. कमलही आली होती. मांडीवर एक गाठोडं.

वसतिगृहाची खोली लांबट, भिंतीला ओळीने निळे पलंग. सुनंदा एकेक पाटी वाचत गेली आणि आपल्या नावापाशी थांबली. बोटाने अक्षरं चाचपली. तो पलंग मिळालेली मुलगी तिथेच उभी होती. तिने विचारलं, ‘ये तुमचा नाव हाय का?’ सुनंदाने मान हलवली. मग तिने मागे वळून, सगळ्यांच्या देखत मला विचारलं, ‘ताई, तो एवढा घाट तू माझ्यासाठी चढलीस?’

‘हो’ म्हणायचं होतं. इतक्यांदा फोनवर म्हटलं होतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

उत्तर कमलने दिलं. गाठोडं सोडत, अगदी रोजच्या आवाजात. ‘चढली तर. मी मागेच होते ना. त्या घाटात खालून वरची सगळी वळणं दिसतात. एकेक पाऊल पाहिलंय मी हिचं.’

आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तिने पाहिलं होतं. ओढणी, टोपी, जीप — सगळं. झाडाखाली माझ्याशेजारी टेकून बाटली देताना तिला माहीत होतं. पेठच्या हॉलमध्ये ‘विजू चालली’ म्हणताना माहीत होतं. आणि मी तिच्यावर ढकललं तेव्हा तिला एकच वाक्य पुरलं असतं. खरं वाक्य. ‘जीपमध्ये विजू होती.’ रोहिणीचं नाव वाचलं असतं, आणि सुनंदाचं दुसऱ्यांदा बंबात गेलं असतं. ती म्हणाली होती, ‘बरं.’

गाठोड्यात गोधडी होती. तिने ती सुनंदाच्या पलंगावर अंथरली. मी गोधडीकडे बघितलं. तिच्यातले काही चौकोन मला ओळखू आले. निळ्यावर पांढरे ठिपके, एक आकाशी, एक आंब्याच्या रंगाचा. रोहिणीचे फ्रॉक.

नंतर अंगणातल्या पिंपाजवळ हात धुताना आम्ही दोघीच होतो. तिनेच पदराला हात पुसत म्हटलं, ‘एकदा खरं बोलून बघितलं होतं मी, विजू.’ आणि आत जेवायला गेली.

तुम्हाला वाटेल, त्या पिंपाजवळ माझं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. मला राग आला. कारण तिने माझा सूडही माझ्या हातून काढून घेतला. मी तिच्यावर वार केला असं मी इतके महिने समजत होते, आणि तिने तो वार मोजूनमापून स्वतःच्या अंगावर घेतला होता. तिने आपलं फेडलं. आता माझ्या हातात फक्त माझं केलेलं उरलं. त्याचं मी काय करू? ज्याच्यासाठी इतकी वर्षं दात धरले तो राग अजून तसाच आहे, फक्त त्याला उभं राहायला जागा नाही.

अण्णांना एक वाक्य सांगितलं तर रोहिणीची पाटी आजही लागेल. अण्णा तसे आहेत, कारखानदाराकडे पुन्हा जातील. मग सुनंदाची उतरेल. मी ते वाक्य सांगितलेलं नाही. सुनंदासाठी नाही सांगत, असं मी स्वतःला बरेच दिवस म्हणत होते. तेही खोटं. मी माझ्यासाठी नाही सांगत.

परवा आमच्या वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. चहाला बोलावलं होतं. कमलही होती, तिचे गुडघे आता गेलेच आहेत, काठी घेऊन येते. सुनंदाने पाहुण्यांना कप खाली ठेवायला लावले आणि फोटोची गोष्ट सुरू केली. शेवटी नेहमीसारखी म्हणाली, ‘विचारा कमलताईंना, त्या जोडीदार होत्या.’ पाहुण्यांनी कमलकडे पाहिलं. कमल म्हणाली, ‘चालली. विजू चालली.’ मी मान खाली घातली.

हे सांगून होईतो एक गोष्ट राहूनच गेली होती. राहिली नव्हती, मी चुकवत होते. पाड्यावर त्या दिवशी ओळीच्या शेवटी, भिंतीकडे, एक रिकामी जागा होती. तिथे जमिनीवर पोतं होतं आणि त्यावर घडी केलेली चादर. मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुली तुम्हा चालणाऱ्यांएवढ्याच, पण पलंग एक कमी पडला. इथली मुलगी खालीच झोपते, तिची काही तक्रार नाही. रोहिणीच्या नावाचा पलंग तिथे यायचा होता. तो आला नाही, कारण मी येऊ दिला नाही.